सहा नंबरचा चॅनेल

शिक्रापुरात माझ्या खोलीवर कुणीही आलं की टेबलावरच्या काळ्या डब्याकडं बघून पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हा डीजे किती वॅटचा?" घरमालकीणबाईंनी विचारलं, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी विचारलं, सिलेंडर घेऊन आलेल्या माणसानंसुद्धा विचारलं. सुरुवातीला मी नीट समजावून सांगायचे. हा डीजे नाही, याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. याला आठ माईक जोडता येतात आणि आठही आवाज लॅपटॉपमध्ये वेगवेगळे साठतात. नंतर हवा तो वाढवायचा, हवा तो बंद करायचा. समोरचा सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "म्हंजी डीजेच की." आता मी सांगते, हो, डीजेच आहे, चला निघा.

राग मला लवकर येतो, हे आधीच कबूल करते. कंपनीत मी क्वालिटीला आहे. दिवसभर येणारे पार्ट तपासायचे आणि खराब निघेल तो लाल पेटीत टाकायचा. इतकी वर्षं हेच केल्यावर काही माणसं बघतानाही लाल पेटी आठवते. पण हा डबासुद्धा मी रागापोटीच घेतला, हे फारसं कुणाला माहीत नाही. मला एकाच बाईचा आवाज गर्दीतून वेगळा काढायचा होता. ती बाई म्हणजे माझी आई.

आमचं गाव पाटसजवळ, दौंड तालुक्यात. गावाच्या कडेला आमची वस्ती, मधोमध विहार आणि विहाराच्या मागं आमचं घर. वस्तीची स्वतःची गायन पार्टी आहे. जयंती असो, लग्न असो, बारसं असो नाहीतर कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन, पार्टी जाऊन गाते. मुख्य गायक माझे थोरले चुलते. त्यांना सगळेच आबा म्हणतात, मीही. दौंडला नोकरी करून रिटायर झाले, पण आवाज अजून खणखणीत. माझे वडील, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, ढोलकी वाजवतात आणि सहसा बोलत नाहीत. पेटीवर एक मामा असतात, खंजिरीला वस्तीतला एक पोरगा, आणि मागं कोरसला तीन बाया, त्यातली एक आई.

गाणी आईची आहेत. हे वाक्य मी मुद्दाम सुटं लिहिते आहे, कारण ते आजवर कुणी लिहिलेलंच नाही. ती सातवी शिकलेली. खुरपायला बसली की तिला ओळ सुचते. बाकीच्या बाया गप्पा मारत पुढं सरकतात आणि हिचं तोंड आपलं पुटपुटत असतं. घरी आली की माझ्या शाळेच्या जुन्या वहीतल्या उरलेल्या कोऱ्या पानांवर ती सगळं उतरवून काढते. चालही तिचीच. मग वही जाते आबांकडं.

आमच्याकडं गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव गुंफतात. गाणं संपता संपता ऐकणाऱ्याला कळतं, हे कुणाचं. आईनं पहिलं गाणं केलं तेव्हा तिनंही रीतसर स्वतःचं नाव घातलं होतं. 'अमुक सांगे लेकीबाळी, आधी पाटी मग पोळी', असं काहीसं. आबांनी त्यातलं आईचं नाव काढलं आणि तिथं स्वतःचं बसवलं. तिचं नाव तीन अक्षरी, यांचंही तीन अक्षरी. चालीला साधा धक्कासुद्धा लागला नाही. पुढं आईच्या प्रत्येक गाण्याचं हेच झालं. आसपासच्या गावांत आबा कवी म्हणून ओळखले जातात. त्यांच्या गळ्यात हार पडतात, आणि सुकलेले हार आई दुसऱ्या दिवशी झाडलोट करताना बाहेर टाकते.

आणखी एक सांगायला हवं. आमच्या घरात बाई भायाचं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचं नाव तोंडानं घेत नाही. आई नवीन लग्न होऊन आली होती तेव्हा पोस्टमन दारात आला. पत्र देताना त्यानं विचारलं, हे कुणाचं, इथंच राहतात का. आईनं पाकीट हातात घेऊन आबांचं नाव मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचता येत होतं, त्याची हौस. आबा ओसरीवरच होते. त्या दिवशी ते घरात जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी आईला पाया पडून माफी मागायला लावली, तेव्हा कुठं ताटावर बसले. माईकवर समतेची गाणी गाणारा माणूस हा! तेव्हापासून रेशनच्या दुकानात असो की दवाखान्यात, आई 'यांचे मोठे भाऊ' एवढंच म्हणते.

यंदा दिवाळीनंतर आबांचा फोन आला.

"तुझ्याकडं त्यो डबा हाय ना? आपली नऊ गाणी काढू. जयंतीच्या आत मोबाईलवर आली पायजेत. कवी आन् गायक म्हणून माझं नाव टाक, फोटू पाठवतो."

माझं डोकं फिरलं. मांडवातलं गाणं मांडव उतरला की संपतं, कुणी विसरतं, कुणी आठवतं. पण एकदा ही गाणी आबांच्या नावानं इंटरनेटवर गेली की ती तशीच राहणार. आईची गाणी कायमची आबांची होणार. मी म्हटलं, करते, पण एका अटीवर. शेवटच्या कडव्यात आईचं नाव आलं पाहिजे.

"व्हय व्हय, बघू की," आबा म्हणाले.

'बघू की' म्हणजे 'नाही', हे मला या वयात कळायला हवं होतं.

शिक्रापुरात रेकॉर्डिंग शक्यच नव्हतं. खोलीच्या खिडकीपासून हायवे हाकेच्या अंतरावर, ट्रकचे हॉर्न माईकमध्ये आधी येतात आणि माणूस नंतर. म्हणून एका रविवारी डबा, लॅपटॉप आणि वायरींचं गाठोडं घेऊन मी न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून गावी गेले. आमच्या पुढच्या खोलीच्या भिंतींना घरातल्या सगळ्या गोधड्या खिळ्यांवर लटकवल्या, म्हणजे आवाज घुमत नाही. तरी कारखाना सुरू होता. उसाचे ट्रॅक्टर मोठमोठ्यानं गाणी लावून घरावरून जायचे. दोन ट्रॅक्टरच्या मध्ये एक गाणं, अशा बेतानं काम करावं लागणार होतं.

एक नंबरला आबा, दोनला पेटी, तीन आणि चारला ढोलकीच्या दोन बाजू, पाचला खंजिरी. सहाला आई, सातला कोरसच्या बाकीच्या दोघी. आठवा रिकामा. वायरी जोडत असताना आबांनी बोटानं माईक मोजले.

"कोरसला दोन माईक कशापायी? येक बास की."

"माझा डबा आहे, आबा."

"आगं पण ती मागं म्हणनार. तिला येगळा माईक कशाला?"

"मला पाहिजे म्हणून."

पहिलं गाणं सुरू झालं आणि अर्ध्यात पडद्यावरची एक नंबरची पट्टी लाल झाली. बघते तर आबांनी गाता गाता हात लांब करून स्वतःच्या चॅनेलचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं. आमच्याकडच्या सगळ्या गायकांना ही खोड आहे. मांडवात माईकपाशी जाताना मशीनवरचं आपलं बटण हळूच वाढवून जायचं, म्हणजे आपण सगळ्यांच्या वर. मांडवात ते खपतं. या डब्यात तसं केलं की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कुणाच्या बापाला शिवता येत नाही. मी सगळ्यांसमोर ओरडले, "हात काढा त्याच्यावरून!" पेटीवाल्या मामांनी खाली मान घालून हसू दाबलं. वडिलांनी ढोलकीची दोरी ताणल्यासारखं केलं. मी बटणांवर रुमाल टाकला आणि पुन्हा पहिल्यापासून घेतलं.

आईचा त्रास वेगळाच. तिच्यासमोर माईक ठेवला की ती दीड हात मागं सरकायची आणि तोंड भिंतीकडं वळवायची. आयुष्यभर माईक पुरुषांचा आणि आपण त्यांच्या पाठीमागं, हे अंगात मुरलेलं. मी माईक पुढं सरकवायची, ती मागं. शेवटी तिची पाठ गोधडीला टेकली आणि जागा संपली. तेव्हा मी माईक तिच्या तोंडाशी नेऊन ठेवला आणि म्हटलं, आता हलू नको.

मग शेवटचं कडवं आलं. आबांनी डोळे मिटले, हात वर केला आणि दणक्यात स्वतःचं नाव घेतलं. कोरसनं ओळ उचलली. मी रेकॉर्डिंग थांबवलं.

"काय ठरलं होतं आपलं?"

"काय ठरलं व्हतं?"

"आईचं नाव."

आबा पेटीवाल्या मामांकडं बघून हसले. "आगं, गानं गातो त्याचं आसतं. तिला कोन वळखतं? बाईनं रचलं म्हणलं तर लोक मांडवात थांबायचे न्हाईत. आन् तिचं माझं काय येगळं हाय का? येकाच घरचं हाय."

"एकाच घरचं आहे तर तिचं नाव घ्या की मग!"

"आवाज खाली कर," आबा म्हणाले. वडील ढोलकीकडंच बघत होते. मला त्या ढोलकीचा, त्या खाली घातलेल्या मानेचा इतका राग आला की काही फेकून मारावंसं वाटलं. मी आईकडं वळले. निदान तिनं तरी तोंड उघडावं.

"घे बाई करून," आई म्हणाली. "दुसरा ट्रॅक्टर यायच्या आत घे. चहा पण थंड व्हतोय."

नऊ गाणी मी दात खाऊन रेकॉर्ड केली. नऊ वेळा आबांनी स्वतःचं नाव घेतलं. वायरी गुंडाळताना आई मदतीला आली तेव्हा मी तिला म्हटलं, "तुला तुझं नावसुद्धा नको असेल तर मी कशाला मरतेय? राहा अशीच भिंतीकडं तोंड करून." तिनं माझ्या पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घातली. मी ती पिशवी तिथंच ठेवून निघाले. हे लिहितानाही माझी मला लाज वाटते.

आठवडाभर मी लॅपटॉप उघडला नाही. पुढच्या रविवारी सकाळी बसले, एवढ्याचसाठी की गाणी एकदाची आबांच्या तोंडावर मारावीत आणि मोकळं व्हावं. हेडफोन लावला आणि एकेक चॅनेल तपासायला घेतला. सोलो नावाचं बटण असतं. ते दाबलं की बाकीचे सगळे गप्प होतात आणि एकच चॅनेल ऐकू येतो. एक नंबर ऐकला, पेटी ऐकली, ढोलकी ऐकली. मग सहा नंबर सोलो केला.

आईचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. म्हणजे आईचा आवाज मला माहीत होता, पण गाताना तो नेहमी कशाच्या तरी खाली असायचा. इथं तो अगदी कानाशी होता. थोडा खरखरीत, सुराला पक्का. आबा ओळ म्हणत तेव्हा ती गप्प असायची, नुसता श्वास ऐकू यायचा, आणि कोरसची पाळी आली की ती उचलायची. शेवटचं कडवं आलं. लांबून, गोधड्यांमधून झिरपल्यासारखं आबांचं नाव आलं. मग कोरस. बाकीच्या दोघी लांबून आबांचं नाव म्हणत होत्या.

आई स्वतःचं नाव म्हणत होती.

मी मागं नेऊन पुन्हा लावलं. तेच. दुसरं गाणं काढलं, शेवटचं कडवं लावलं. तेच. नऊच्या नऊ गाण्यांत, जिथं जिथं आबांचं नाव यायला हवं होतं, तिथं आईनं सावकाश, स्पष्ट, एकही मात्रा न चुकवता स्वतःचं नाव घेतलं होतं. बाहेर हायवेवर कुणीतरी हॉर्न धरून ठेवला होता. मी हेडफोन काढून आईला फोन लावला.

"तू शेवटच्या ओळीला काय म्हणतेस?"

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. "ऐकू आलं व्हय?"

"सगळं ऐकू आलं. तुझा चॅनेल वेगळा आहे. कधीपासून म्हणतेस हे?"

"पहिल्यापासनं."

"आई, पहिल्यापासून म्हणजे?"

"म्हंजी पहिल्या गान्यापासनं. तुझा जल्म बी झाला नव्हता."

एवढे मांडव, एवढ्या जयंत्या, आणि ही बाई आबांच्या पाठीमागं उभी राहून प्रत्येक वेळी भर सभेत स्वतःचं नाव घेत आली होती. कर्ण्यांच्या आवाजात ते कुणाच्या कानापर्यंत पोचलं नव्हतं.

"कुणालाच कधी कळलं नाही?"

"तुझ्या बापाला कळतंय. तिथं त्यो ढोलकी हळू करतोय."

फोन ठेवून मी तीन आणि चार नंबर सोलो केले. खरंच. बाकी गाणंभर घुमणारी ढोलकी नेमकी त्या तीन अक्षरांना हलकी व्हायची आणि ओळ संपली की पुन्हा चढायची. नऊ वेळा. माझा वडिलांवरचा राग त्यानं गेला असं म्हणणार नाही. ढोलकी हळू करणाऱ्याला तोंडही उघडता येतं. पण त्या दिवशी मी ते नऊही तुकडे पुन्हा पुन्हा ऐकले.

संध्याकाळी आईला परत फोन केला आणि विचारलं, "तुझा आवाज वाढवू का तिथं?"

"मी म्हणलं तेच हाय ना त्यात? तू काय पदरचं घातलं न्हाईस ना?"

"एक अक्षर नाही."

"मग वाढव."

एक नंबरला मी हात लावला नाही. आबांनी घेतलेलं स्वतःचं नाव जसंच्या तसं राहू दिलं. फक्त कोरसच्या ओळीला सात नंबर बंद केला, पेटी आणि खंजिरी बंद केली, ढोलकी होती तशी ठेवली आणि सहा नंबर वर घेतला.

पुढच्या रविवारी दुपारी सगळी पार्टी विहाराच्या ओट्यावर गाणी ऐकायला जमली. मी स्पीकर लावला. आबा पहिल्या कडव्यापासून मांडीवर ताल धरून बसले होते. शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव आलं तसं त्यांनी आजूबाजूला नजर फिरवली. आणि मग सगळं थांबलं, ढोलकी खाली आली, आणि ओट्यावर आईचं नाव ऐकू आलं, आईच्याच आवाजात.

कोरसच्या दोघींनी एकमेकींकडं बघितलं. पेटीवाले मामा म्हणाले, "आरं तिच्या!"

"बंद कर," आबा म्हणाले. "ह्ये काय हाय?"

"आई आहे, आबा. तुमच्या पाठीमागं तुमच्या नावाच्या जागी ती हेच म्हणते. पहिल्या गाण्यापासून."

"खोड ते."

"खोडते. पण त्या जागी तिनं दुसरं काही म्हटलेलंच नाही. तिची ओळ रिकामी राहील."

आबांचा चेहरा लाल झाला. भावजयीशी ते थेट बोलत नाहीत, तीही रीतच. त्यांनी माझ्याकडं बघून, पण तिला ऐकू जाईल असं सांगितलं, "मंग परत म्हणायचं सगळं. आजच. तुझ्या आईला सांग, नीट म्हण म्हणावं. तिथं माझं नाव घ्यायचं, सगळ्यांच्या म्होरं, मोठ्यानं."

आई ओट्याच्या कडेला, बायांच्या मागं बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर नीट पुढं ओढून घेतला. तीही माझ्याकडंच बघून बोलली.

"सांग त्यांना," ती म्हणाली, "भायाचं नाव मी तोंडानं घेत न्हाई. पोस्टमन आलता, तवापासनं."

कुणीतरी फिसकन हसलं. आबा काय बोलणार होते? नाव घे म्हणावं तर रीत त्यांनीच घातलेली, आणि नको घेऊ म्हणावं तर गाणं हातचं जात होतं. वडिलांनी मान वर केली आणि थोरल्या भावाकडं सरळ बघितलं. मी त्यांना तसं बघताना पहिल्यांदाच पाहिलं. आबा उठले, चपला घातल्या आणि घराकडं निघून गेले. चार महिने झाले, माझ्याशी बोललेले नाहीत. बरंच आहे, मलाही त्यांच्याशी बोलायचं काही उरलेलं नाही.

त्याच ओट्यावर बसून मी गाणी मोबाईलवरून इंटरनेटवर चढवली. गायक म्हणून आबांचं नाव टाकलं, कारण गायले तेच होते. कवीच्या रकान्यात आईचं नाव लिहिलं आणि बरोबर आहे का बघ म्हणून मोबाईल तिच्या हातात दिला. तिनं तो लांब धरला, डोळे बारीक केले आणि पोस्टमनला वाचून दाखवलं असेल तसं, सगळ्यांसमोर ते नाव मोठ्यानं वाचलं.